कोरडी भिंत

"सर, चार्जरवर थेट ऊन पडतंय का?"

"ताई, पहाट आहे. जानेवारी आहे. इथं अजून कोंबडासुद्धा धड उठलेला नाही."

"ओके सर. मग चार्जर पाच मिनिटं बंद ठेवून परत चालू करून बघा."

"तीनदा केलं."

"अजून एकदा करून बघता का, सर?"

मी फोन खांद्यात धरला आणि भिंतीवरच्या पेटीचं बटण खाली केलं. थंडीनं बोटं वाकत नव्हती. थोडं थांबून बटण वर केलं. हिरवा दिवा लागला. गाडीच्या पोटातून ती बारीक गुणगुण सुरू झाली आणि मी देवासमोर उभं राहावं तसा उभा राहिलो. नवस बोलायचा तेवढा बाकी होता. अंगणात दव टपटपत होतं. मग पेटीत खट्ट झालं आणि दिवा लाल.

"काय झालं, सर?"

"लाल. तापमान जास्त, चार्जिंग थांबवले आहे. रोजचंच."

"तुमची तक्रार मी वरती पाठवते. आपला दिवस शुभ असो."

फोन फेकून द्यावा असं वाटलं. पण त्याच फोनवर दवाखान्यातून निरोप यायचे, म्हणून खिशात ठेवला.

"किती?" माझ्या मागून आवाज आला. स्वप्नाली दारात उभी होती. कानाला मफलर, अंगावर दोन शाली, केसाला तेल.

"बासष्ट."

त्या दिवसांत आम्हा नवराबायकोचं बोलणं आकड्यांत आलं होतं. नव्वद टक्के भरली म्हणजे कोल्हापूरला जाऊन परत घरी. बासष्ट म्हणजे कोल्हापूर, आणि परत येताना संकेश्वरच्या आसपास कुठल्यातरी बाभळीखाली.

या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं झाली. आमचं गाव आजऱ्याच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत. माझी काजूच्या कलमांची रोपवाटिका आहे. गावोगाव कलमं पोचवायची, म्हणून हौसेनं विजेची गाडी घेतली होती आणि घराच्या बाहेरच्या भिंतीवर ती भरायची पेटी बसवून घेतली होती. सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग गरोदरपणाच्या आठव्या महिन्यातच स्वप्नालीच्या पोटात दुखायला लागलं आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात आमची मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवली, नाकात नळी घातली. आईला आठवड्यानं घरी सोडलं, लेकीला सोडलं नाही.

तेव्हापासून रोजचा नेम ठरला. स्वप्नालीनं पहाटे दूध काढायचं, बर्फाच्या डब्यात भरायचं आणि आम्ही कोल्हापूर गाठायचं. सकाळी दहा ते अकरा एवढाच वेळ आईला आत सोडायचे. तेवढ्यात बाळाला उघड्या छातीवर धरून बसायचं. "औषधापेक्षा याचा गुण मोठा," असं तिथल्या मालन सिस्टर सांगायच्या. दहाला पोचलं तर आई आत. अकराच्या पुढं पोचलं तर दूध काचेच्या खिडकीतनं आत जायचं आणि आई बाहेर राहायची.

आणि नेमका तेव्हापासूनच चार्जर रुसला.

गावात दुपार कलल्यापासून रात्रभर शेतीपंप चालायचे, व्होल्टेज मेलेलं असायचं, गाडी ते घ्यायचीच नाही. साध्या प्लगावर लावून बघितलं, रात्रभरात पाव पोट भरलं. पहाटे चारच्या सुमारास पंप थांबले की वीज सरळ यायची आणि तिथून निघेपर्यंतच काय ती गाडी भरायची. पण पाच वाजून गेले की पेटी तापायची आणि बंद पडायची. उन्हं वर आली, की गुमान चालू. आम्ही दुपारी पोचायचो, काचेबाहेर उभं राहायचो, परत यायचो.

"जीपगाडी सांग की भरमूची," एकदा आत्ती म्हणाली. सांगितली. तवंदीच्या घाटात जीप खड्ड्यात आदळली तेव्हा स्वप्नालीनं पदर दातात धरला. पोटावरचे टाके ताजे होते. त्या रात्री तिला ताप आला. त्यानंतर जीपचं नाव कुणी काढलं नाही. कोल्हापुरात तेव्हा एक चार्जिंग स्टेशन आमच्या वाटेवर होतं. त्यावर 'लवकरच सुरू होत आहे' असा फलक होता. तो फलक आम्ही रोज वाचायचो.

ही आत्ती म्हणजे हौसाआत्ती, माझ्या वडलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आई गेल्यावर तीच माझी आई झाली. स्वप्नालीलाही आई नाही, तेव्हा बाळंतपण आत्तीनंच अंगावर घेतलं. घेतलं म्हणजे कमरेला पदर खोचून घेतलं. साऱ्या गल्लीतल्या बाळंतिणी तिच्या हातानं न्हालेल्या. तिचं एकच म्हणणं असायचं, "बाळंतीण न्हाली न्हाई, तर तिला घर कळत न्हाई."

गावचा वायरमन रमजानभाई. त्याला मी पहिल्याच दिवशी बोलावलं. तो ऊन चढल्यावर आला. पेटी उघडली, स्क्रू आवळले, टेस्टर लावला, हात लावला.

"गार हाय की गा."

"आत्ता गार आहे. पहाटे तापते."

"पहाटंच ताप येतोय म्हणजे मलेरिया हाय बघ चार्जरला." तो स्वतःच हसला. मी हसलो नाही, म्हणून मग गंभीर झाला. "वायर बारीक पडत असंल. मोठी घालूया."

मोठी वायर घातली. दुसऱ्या पहाटे लाल. फ्यूजच्या जागचा तो नवा खटका बदलला. लाल. "अर्थिंग सुकलं असंल," म्हणून खड्ड्यात मीठ आणि घागरभर पाणी ओतलं. मी मीठ ओततोय हे आत्तीनं ओसरीवरनं बघितलं.

"कुणाची दृष्ट काढालाईस रं?"

"चार्जरची."

मी चिडून बोललो होतो. पण दिवेलागणीला तिनं खरंच मीठ-मोहरी आणली आणि पेटीवरनं सात वेळा उतरून चुलीत टाकली. मोहरी तडतडली. "बघ, किती लागलीती," ती म्हणाली. दुसऱ्या पहाटे लाल.

मग कोल्हापूरहून कंपनीचा इंजिनियर आला. पांढराशुभ्र शर्ट, हातात पिस्तुलासारखं तापमान मोजायचं यंत्र. दुपारी बाराला आला. पेटीवर नेम धरला, वायरीवर धरला, गाडीच्या तोंडावर धरला. अर्धा तास चार्जर चालवून बघितला. हिरवा दिवा डोळा न मिटता बघत राहिला.

"काही दोष नाही, सर."

"अहो, पहाटे या. मुक्कामाला राहा. हवं तर माझ्या खाटेवर झोपा."

"सर, आमची व्हिजिट दिवसाचीच असते." त्यानं पोहे खाल्ले, चहा घेतला. जाताना म्हणाला, "गाडी आता रोज लांब धावतेय ना? लोड वाढला असेल. थोडं कमी वापरून बघा."

कमी वापरून बघा! मी फाटकापर्यंत त्याला पोचवला आणि परत येताना वाटेतली बादली लाथेनं उडवली. बादली रिकामी होती, माझा अंगठा भरलेला निघाला. नख काळं पडलं.

पण त्याचं म्हणणं सगळ्यांना पटत होतं, मलाही. गाडी रोज लांब धावायला लागली आणि त्याच दिवसापासून पेटी तापायला लागली. एवढं सरळ कारण डोळ्यांसमोर असताना दुसरीकडं कोण बघतंय? मी पेटीवर पत्र्याचं छप्पर केलं. टेबलफॅन आणून तिच्या तोंडावर लावला. पहाटेच्या थंडीत मी कुडकुडतोय आणि चार्जर वारा घेतोय. रमजानभाई म्हणाला, "पुढच्या खेपेला तिला उसाचा रस पाज."

त्या आठवड्यात स्वप्नाली दोनदाच आत जाऊ शकली. एका खेपेला आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मालन सिस्टर बाहेर आल्या. जाडजूड बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण डोळे मऊ.

"असं करू नका हो. पोर आईचा वास विसरंल."

स्वप्नालीनं बर्फाचा डबा पुढं केला.

"ऐका," सिस्टर म्हणाल्या. "उद्या मोठे डॉक्टर दहाच्या राउंडला आहेत. त्यांच्यासमोर बाळाला अंगावर लावून बघायचं. तिनं ओढलं, तर नळी काढायला लागतील. मग घरी न्यायचं बघता येईल. उद्या आईच नसली, तर डॉक्टर परत आठवड्यानं येणार. कळलं का? दहा म्हणजे दहा."

येताना गडहिंग्लज सोडल्यावर स्वप्नाली म्हणाली, "उद्या मला एसटीत बसवून दे."

"टाके उसवतील."

"उसवू देत."

"बघतो मी," मी म्हणालो. काय बघणार होतो, मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या पहाटे चारला चार्जर चालू केला आणि तिथून हललोच नाही. एक स्टूल घेतलं, घोंगडं पांघरलं, पेटीच्या खालीच भिंतीला पाठ लावून बसलो. बुवा, आता तू तापच, माझ्या डोळ्यांदेखत ताप. आकडे चढत होते. वीस, पंचवीस, बत्तीस. डोंगरावरनं धुकं उतरत होतं, सुपारीची झाडं त्यात अर्धी बुडाली होती. घरामागनं आत्तीच्या बांगड्यांचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. रोजचे आवाज. मी गाडीकडं डोळे लावून होतो.

चाळीस. सेहेचाळीस.

पाठीला ऊब लागत होती. बरं वाटत होतं. रात्रभर झोप नव्हती, डोळ्यांवर पेंग यायला लागली. आमचं मांजर कुठनंतरी आलं आणि पायाशी, भिंतीला अंग चिकटवून बसलं. मी घोंगडं सैल केलं. आणखी जरा मागं रेललो. आईच्या पाठीला पाठ लावून बसावं तसं ते सुख होतं.

आणि मग ताडकन उठलो. भिंतीला ऊब? जानेवारीत? बाहेरच्या भिंतीला?

मी तळहात भिंतीवर टेकला. पेटीच्या डावीकडं गार. उजवीकडं गार. पेटीच्या बरोबर खाली कोमट. पेटीच्या वर हात नेला आणि झटक्यानं काढून घेतला. तिथं चुलीवरनं तवा उतरल्यासारखं होतं. हाताएवढा रुंद असा तो तापलेला पट्टा सरळ वर चढत वळचणीपर्यंत गेला होता. वळचणीवर, कौलातनं, पांढरा धूर सावकाश निघत होता. तो धूर मी रोज बघत होतो. घरात चूल पेटलीय, बाळंतीण न्हातेय, म्हणून मला तो बरासुद्धा वाटायचा.

भिंतीच्या पलीकडं आमची जुनी न्हाणी. पाणी तापवायचा सोलर आल्यापासून तिथं सरपण भरलं होतं. आत्तीनं ती बाळंतिणीसाठी परत उघडली होती. वडलांनी घर बांधताना धुरानं भिंत काळी होऊ नये म्हणून धुराडं भिंतीच्या आतनंच वर नेलं होतं आणि वरनं गिलावा केला होता. ते मी पार विसरलो होतो. आमच्याकडं पाऊस असा, की घराच्या सगळ्या भिंती चार महिने ओल पितात. ही एकच भिंत कधी ओली झाली नव्हती. गाडी घेतली तेव्हा पेटी कुठं लावायची विचारलं, तर आत्तीच म्हणाली होती, "तिथं लाव, ती भिंत कोरडी हाय." ती कोरडी का राहायची, हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

खट्ट. लाल. छप्पन्न.

मी घराला वळसा घालून पळत गेलो. न्हाणीच्या दाराशी पोचलो तेव्हा आतनं गुणगुण येत होती. आत्ती चुलाणापुढं उकिडवी बसून फावड्यानं काजूची टरफलं आत सारत होती. कारखान्यातली ती टरफलं. तेलकट, एकदा पेटली की लोखंड वितळवतील. जाळ तिच्या तोंडावर नाचत होता आणि ती ओवी म्हणत होती,

तापलं गं पाणी, वाफ गेली आभाळी
चिमणी माझी सकाळी, येईल न्हायाला

विसण गं घालते, हात घालून बघते
दाराकडं बघते, कुणी येतंय का

पाटावर स्वप्नाली बसली होती. जुनेर गुंडाळलेली, तेलानं माखलेली, डोळे मिटून.

"आत्ती!"

माझा आवाज असा निघाला, की तिच्या हातचं फावडं खाली पडलं.

"जाळ काढ. आत्ताच्या आत्ता काढ."

"का रं? काय झालं?"

"काय झालं? हा जाळ भिंतीतनं चार्जरला लागतोय! इतके दिवस मी वायरी बदलतोय, मीठ ओततोय, वारा घालतोय... आणि तू आतनं भट्टी लावून बसलीस! आणि दोन दोन हंडे कशाला चढवलेस? एका बाईच्या अंघोळीला एवढं पाणी लागतंय?"

चुलाणावर खरंच दोन भांडी होती. एक मोठा हंडा आणि त्याच्या शेजारी, मागच्या जाळावर, एक लहान तपेलं. त्याच्यावर झाकण, झाकणावर स्वच्छ धुतलेलं फडकं.

आत्तीनं फडक्याकडं बघितलं.

"ते बाळाचं," स्वप्नाली म्हणाली.

"कुठल्या बाळाचं?"

"आपल्या."

आत्तीनं पदरानं तोंड पुसलं आणि चुलाणाकडं बघत बोलली, माझ्याकडं नाही.

"आई न्हाली, की लगेच लेकराला न्हाऊ घालायचं असतंय. रीत हाय ती. आता ती न्हाई म्हणून तिचं पाणी ठेवायचं न्हाई व्हय? आली आणि पाणी गार असलं, तर?"

"मग ते पाणी..."

"ऊन हुईस्तोवर गरम ठेवतो. मग जास्वंदीच्या बुडाला घालतो."

"रोज?"

"रोज."

म्हणून तो जाळ एवढा वेळ. म्हणून नुसती लाकडं न घालता टरफलं. स्वप्नालीची अंघोळ लवकर आटपायची, पण चुलाण उन्हं वर येईपर्यंत पेटतं राहायचं, जी पोर घरात नाही तिच्या पाण्यासाठी.

मला ओरडायचं होतं. कुणावर ते कळेना.

"म्हंजे..." आत्ती सावकाश उठली. तिला आत्ता कळत होतं. "म्हंजे माझ्या जाळानं लेकराचं दूध अडलं?"

"आत्ती, तसं नव्हं..."

"तसंच की गा. गाडी अडली म्हंजे दूधच अडलं." तिनं कोपऱ्यातली गार पाण्याची कळशी उचलली आणि चुलाणावर उपडी करायला वळली.

स्वप्नालीनं पाटावरनं उठून तिचं मनगट धरलं. तेलकट हात, घसरत होता, म्हणून दोन्ही हातांनी धरलं.

"थांबा, आत्ती."

"सोड, पोरी. हात सोड."

"दवाखान्यात मशीन लावून थेंब येत नव्हता," स्वप्नाली म्हणाली. बाळंतपणानंतर तिला एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. "सिस्टर म्हणाल्या, डब्याचं दूध सुरू करूया. रडून रडून छाती दगड झाली होती. घरी आले आणि तुम्ही पहिल्यांदा न्हाऊ घातलं, पाठीवर पाणी सोडलं, तेव्हा आलं. त्याच्या आधी नव्हतं. ते दूध तुमच्या जाळाचंच आहे, आत्ती. ते विझवू नका. आज तर नकोच."

आत्तीच्या हातातली कळशी कलली होती. पाणी सांडून तिच्या पायांवर पडत होतं.

स्वप्नाली माझ्याकडं वळली. "जाळ राहू दे. तो चार्जर काढ तिथनं."

"कंपनीनं सांगितलंय, हात लावायचा नाही. वॉरंटी जाईल."

"जाऊ दे की."

एवढं सोपं होतं. इतके दिवस मी पेटी दुरुस्त करत होतो. ती दुसरीकडं न्यावी, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं, कारण ती भिंत कोरडी होती.

रमजानभाई मशेरी लावतच धावत आला. मी हाताला धरून त्याला भिंतीवर हात ठेवायला लावला. त्यानं ठेवला, काढला, परत ठेवला. मग तोंडातली मशेरी थुंकून म्हणाला, "मलेरिया न्हवं. ही तर शेगडीवर बसलीती."

मेनचा खटका पाडून सगळी वीज बंद केली. त्यानं स्क्रू काढले, पेटी भिंतीवरनं उचलली. पण ठेवायची कुठं? वायर गोठ्यापर्यंत पोचत नव्हती. मी ओसरीवरची सुंभाची बाज आणली, अंगणात भिंतीपासून लांब उभी केली, मागं टेकू लावला. आम्ही दोघांनी पेटी त्या बाजेला बांधली.

"कंपनीवाल्यानं बघितलं, तर याच सुंभानं मला फाशी दील," रमजानभाई म्हणाला. "मागं हो. सोडतो."

हिरवा.

आम्ही तिघं बघत उभे राहिलो. रमजानभाई, मी आणि मांजर. घरामागनं पाण्याचा आवाज येत होता, तांब्यामागनं तांब्या. आत्ती आज म्हणत नव्हती काही. नुसतं पाणी पडत होतं. छप्पन्न, साठ, चौसष्ट. रमजानभाई दर थोड्या वेळानं पेटीला हात लावून बघायचा, जसा तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात. "गार हाय," म्हणायचा. मी म्हणायचो, "परत बघ."

निघालो तेव्हा आकडा पंच्याऐंशीवर आला होता. नव्वदीला थांबलो नाही. उरलेल्या पाचाचं येताना बघू.

दहाला काही मिनिटं बाकी असताना स्वप्नाली आत गेली. मला बाहेरच थांबवलं. काचेला आतनं पडदा होता, खालून वीतभर उघडा. त्यातनं मला डॉक्टरांचे बूट दिसत होते, सिस्टरच्या पांढऱ्या चपला, आणि खुर्चीत बसलेल्या स्वप्नालीचे पाय. दवाखान्याच्या निळ्या सपाता तिला मोठ्या होत होत्या. पायांची बोटं तिनं आत आवळून घेतली होती, घाटात जीप आदळली तेव्हा घेतली होती तशी.

"घाई करू नका," आतनं सिस्टरचा आवाज आला. "तिचं तिला शोधू द्या."

बूट हलले, परत थांबले. बराच वेळ काही झालं नाही. मी ती बोटंच बघत होतो. आत कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं. आणि मग ती बोटं सावकाश सुटली. एकेक करून मोकळी झाली, सपातेत पसरली.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा मला सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं.

"दमते. मधेच झोपते. पण ओढतीया."

मी घरी फोन लावला. आत्तीनं उचलला आणि नुसती श्वास घेत राहिली.

"आत्ती, ओढलं तिनं."

"गाडी भरली हुती न्हवं?"

"भरली होती, आत्ती."

"हां," म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांत रमजानभाईनं लांब वायर टाकून पेटी गोठ्याच्या भिंतीवर बसवली. गोठा न्हाणीपासून लांब, मधे सगळं अंगण. त्यानंतर ती एकदाही तापली नाही. पण आत्तीचा विश्वास बसेना. पहाटे उठली की आधी काठी टेकत अंगण ओलांडून गोठ्याशी यायची. हिरव्या दिव्याकडं वाकून बघायची आणि विचारायची,

"भरली का रं गाडी? पेटवू?"

"पेटव की आत्ती. आता काय संबंध नाही त्याचा. चार्जर कुठं, चुलाण कुठं!"

"जाळाला काय कळतंय, भिंत कुठली ते. भरू दे आधी."

आणि बसून राहायची, थंडीत, शेणाच्या वासात, गाडीचं पोट भरेपर्यंत. मी सांगितलं, रमजाननं सांगितलं, स्वप्नालीनं हात धरून तिला दोन्ही भिंतींना हात लावायला लावला. "कळतंय गं मला," म्हणायची आणि तिथंच बसायची. मग गाडी भरली, की घाईघाईनं चुलाण पेटवायची. बाळंतिणीची अंघोळ उरकायची. आम्ही निघताना बघायचो, तर लहान तपेलं परत चढलेलं असायचं. पण आता ती ओवी म्हणत नव्हती. न्हाणीत नुसता जाळाचा आवाज असायचा. मला ते टोचायचं, पण "म्हण की गं आत्ती" असं कुणाला कसं सांगणार?

माघ लागला आणि एका दुपारी आम्ही तिला घरी आणली. दोन किलोला जरा कमी, टोपड्यात अख्खी बुडालेली. आत्तीनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरीकडं बघितलं, आणि हात लावला नाही. "उद्या," म्हणाली. "न्हाऊ घालताना."

दुसऱ्या पहाटे मला जाग आली ती काठीच्या आवाजानं. खिडकीतनं बघितलं, तर ती गोठ्याशी उभी. डोक्यावरनं शाल, हातात काडेपेटी. चार्जरकडं बघत होती. दिवा लागलेलाच नव्हता. आदल्या दिवशी मी वायर गुंडाळून खुंटीला टांगून ठेवली होती. ती घाबरली असावी. मी तसाच अनवाणी बाहेर गेलो.

"बिघडलं काय गा परत?" तिनं विचारलं. "दिवा न्हाई. भरली का गाडी?"

"नाही भरली, आत्ती."

"मग रं?"

"भरायची नाही आज," मी म्हणालो. "आज कुठं जायचंच नाही."

आतनं, मधल्या खोलीतनं, बारीक रडणं ऐकू आलं. मांजराच्या पिलासारखं. आत्तीनं काठी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि काठीशिवायच अंगण ओलांडून न्हाणीकडं निघाली. दाराशी पोचायच्या आधीच तिनं गुणगुणायला सुरुवात केली होती.